मधला स्पीकर आणि बियाण्याची सहा पोती

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, उंद्रीतल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत पाच स्पीकर आणि एक वूफर पहिल्यांदा एकत्र वाजले. खोलीत मी, आई आणि बाबा असे तिघे होतो. मी तेव्हा बुलढाण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आणि खोलीत मागच्या भिंतीला लागून सोयाबीनची एक्केचाळीस पोती होती. ही शेवटची नोंद मी त्या दिवशी घेतली नव्हती.

तयार होम थिएटर घेणं शक्य नव्हतं, त्यामुळे ते तुकड्यातुकड्यांनी जमवलं. दुसरबीडला माझ्या मामाचं रस्त्यालगत दुकान आहे. ट्रक-ट्रॅक्टरची वायरिंग करणं, त्यात टेप बसवणं हे त्याचं काम. लोक नवीन स्पीकर बसवून घेतात आणि जुने त्याच्याकडेच सोडून जातात. त्यातले पाच चालू स्पीकर त्याने मला पिशवीत भरून दिले. वूफर एका डीजेवाल्याने टाकून दिलेला होता, त्याचा कागदी पडदा फाटला होता. मामाने त्यावर मलमलची पट्टी डिंकाने चिकटवली आणि म्हणाला, "वाजीन. पण लगन लावू नको याच्यावर." आवाज वेगवेगळे करणारा बोर्ड ऑनलाइन मागवला, त्यासाठी दोन महिने मेसमध्ये संध्याकाळचं जेवण बंद ठेवलं. ट्रान्सफॉर्मर कॉलेजच्या प्रयोगशाळेने बाद केलेला होता. हे सगळं मी तेलाच्या पंधरा लिटरच्या रिकाम्या डब्यात बसवलं. डब्याला बाजूने भोकं पाडली, आत कॉम्प्युटरचा जुना पंखा लावला. पेट्या जुन्या शोकेसच्या फळ्यांतून झाल्या. दोन महिने डबा तापला की खोलीत शेंगदाणा तेलाचा वास यायचा.

मला हवा होता तो वूफर. पोटात हादरा बसला पाहिजे, एवढीच माझी होम थिएटरची व्याख्या होती. बाबांचा विचार त्यात नव्हता, हे सांगितलं पाहिजे.

बाबांना आवाज ऐकू यायचा, शब्द ऐकू यायचे नाहीत; समोर उभं राहून मोठ्याने, सावकाश बोललं तरच समजायचं. वीस-बावीस हंगाम ते मळणी यंत्राच्या तोंडाशी उभे राहिले होते. कानाचं यंत्र घेतलं होतं. शेतात वारा सुटला की ते कानात घोंघावायचं, म्हणून एका महिन्यात ते कपाटात गेलं. बैठकीत सगळे हसले की बाबा थोडं थांबून हसायचे. टीव्हीवर रविवारी दुपारी लागणारे साऊथचे हिंदीत डब केलेले सिनेमे हा त्यांचा आवडता कार्यक्रम होता. त्या वर्षी त्यांनी तो सोडला. आम्ही आत सिनेमा लावला की ते बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे, दोरी वळायचे. आईने एकदा विचारलं, तर म्हणाले, "मारते ते दिसते. काऊन मारते ते समजत नाही. मंग काय पाहाव?"

त्या रविवारी त्यांना आत बसवलं ते आईने. "पोरीनं तीन महिने खपून केलं, दहा मिनिटं बसा," एवढंच ती म्हणाली.

सिनेमातलं बोलणं बहुतेक टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून येतं. बाकीचे चार संगीत, गाड्या, पाऊस, गर्दी यांचे. बोर्डच्या रिमोटवर प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मी तो मधला स्पीकर जरा वाढवला होता, कारण तो ट्रॅक्टरमधून काढलेला आणि सगळ्यांत दुबळा होता. सिनेमा सुरू झाला. वूफर वाजला तेव्हा भांड्यांच्या मांडणीवरचा एक तांब्या सरकला. आई उठून तो उचलायला गेली. बाबा हलले नाहीत. वीसेक मिनिटांनी नायकाने एका सावकारासारख्या दिसणाऱ्या माणसाला गाडीच्या टपावर फेकलं.

"भावाची जमीन होती ना ते," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "काय?"

"ज्या जागेवर याहीनं फॅक्टरी टाकली. याच्या भावाची जमीन होती. म्हणून मारून राह्यला."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी रिमोट खाली ठेवला. त्या दिवशी सिनेमा संपेपर्यंत बाबा आत होते. पुढच्या रविवारीही. चौथ्या रविवारी त्यांनी मला होस्टेलवर फोन केला आणि विचारलं, की मधला भोंगा वाढवायचं बटन कोणतं. उत्तर ऐकायला फोन आईकडे दिला.

भाव बरा आला म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन चिखलीला गेलं. समोरची खोली झाडून, पुसून रिकामी झाली. त्यानंतरच्या रविवारी मी घरी आले तर बाबा ओट्यावर होते.

"बिघडलं ते," ते म्हणाले. त्यांच्या हातात दोरी होती.

मी सिनेमा लावला. आवाज होता, पण प्रत्येक वाक्य भिंतींवर आपटून परत येत होतं आणि पुढच्या वाक्यावर पडत होतं. मलाही मधले शब्द अंदाजाने लावावे लागत होते. मी डबा उघडला. सांधे परत जोडले. पुढच्या आठवड्यात वायर बदलली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मधला स्पीकर काढून दुसरबीडला नेला. मामाने तो ट्रकच्या टेपला लावून पाहिला. "चांगला आहे हा. तुह्या कानाचं पाय आता," म्हणाला. मी नवीन बोर्ड मागवायच्या बेतात होते.

त्याच रविवारी आई स्वयंपाकघरात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती आणि मी तिला बोर्डाबद्दल सांगत होते. ती मान न उचलता म्हणाली, "अवं, सोयाबीन गेलं तवापासून असं होऊन राह्यलं."

"सोयाबीनचा काय संबंध?"

"मले काय माईत. पण पोते व्हते तं घरात बोललेलं घुमत नव्हतं. आता मी इथून हाक मारली तरी खोली उत्तर देते."

मी रिकाम्या खोलीत उभी राहून एक टाळी वाजवली. सिमेंटच्या चार भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. टाळी दोनदा ऐकू आली. आम्हाला तिसऱ्या सत्रात ध्वनीवर एक पूर्ण धडा होता आणि त्यात मला चांगले गुण होते. एक्केचाळीस पोती समोर असताना मी यंत्रणा लावली, जुळवली, आणि पोती म्हणजे खोलीचा भाग आहेत असं धरूनच चालले. आमच्याकडे दिवाळीनंतर समोरच्या खोलीत माल असतो. मला आठवतं तेव्हापासून असतो. तो कोणी मोजत नाही.

मग उपाय सुरू झाले. भिंतीवर दोन गोधड्या खिळ्यांना टांगल्या. फरक पडला, पण थंडी अजून होती. रात्री आईने त्या उतरवल्या आणि अंगावर घेतल्या. कुटाराची पोती भरून आणू का, असं मी विचारलं. सोयाबीनच्या भुशाची खाज घरात नको, असं आईने एका वाक्यात निकालात काढलं. मी म्हटलं, राहू द्या मग.

बुधवारी मी होस्टेलवर असताना बाबांनी बियाण्याची पोती पुढे आणली.

बाबांचं बियाणं हा वेगळा विषय आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. दाणा आपटला की वरून धड दिसतो, पण आतला कोंब मरतो. म्हणून ते बियाण्याचा माल यंत्राची गती कमी करून वेगळा काढायचे, सावलीत वाळवायचे, आणि मागच्या कवेलूच्या छपराच्या थंड खोलीत लाकडी फळ्यांवर ठेवायचे, एकावर एक चारापेक्षा जास्त नाही. हमालाला हात लावू द्यायचे नाहीत. गावातली दहा-बारा घरं त्यांच्याकडून बियाणं न्यायची आणि पेरणीनंतर कोणी तक्रार घेऊन आल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी आठ पोती होती. त्यांतली सहा त्यांनी एकट्याने, एकेक करून, समोरच्या खोलीत मागच्या भिंतीला फळ्यांवर लावली. सगळीच पुढे नकोत, म्हणून दोन मागेच ठेवली.

रविवारी मी सिनेमा लावला. पूर्वीइतकं नाही, पण शब्द सुटे झाले होते. बाबा पोत्यांना पाठ लावून बसले. वूफर मात्र मी उचलून पोत्यांपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात नेला, खाली घडी केलेलं पोतं दिलं आणि आवाज निम्मा केला.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारीच राहतात. त्यांनी पंधरा दिवसांनी हे पाहिलं. ते दारातच थांबले.

"काऊन बे, बियाण्याले डीजे ऐकवून राह्यला काय?"

"आवाज कमी आहे दादा," बाबा म्हणाले.

"वरून स्लॅब तापते, खालून भोंगा हादरते. पेरल्यावर हे उगीन काय? आन मले त्यातलंच तीन पोते पायजे."

"उगीन."

"तुले कोणं सांगतलं? पोरीनं? ते काय पेरते?" मग माझ्याकडे वळून, "अवं इंजिनेरबाई, तुह्या पुस्तकात आहे काय हे? भोंग्यानं कोंब मरते का नाही मरत?"

मी शोधलं होतं. कुठे सापडलं नव्हतं. तसंच सांगितलं.

"मंग!" मोठे बाबा म्हणाले आणि चहा घ्यायला बसले. चहा होईपर्यंत ते टीव्ही पाहत होते. निघताना म्हणाले, "आवाज चांगला येते पण."

त्या संध्याकाळी बाबांनी मला ठरलं ते सांगितलं. मेमध्ये उगवण तपासायची. पुढच्या पोत्यांतले शंभर दाणे वेगळे, मागच्या पोत्यांतले शंभर वेगळे. पुढचे सत्तरच्या खाली आले तर ते बियाणं कोणाला द्यायचं नाही, घरीही पेरायचं नाही, आणि यापुढे बियाणं पुढच्या खोलीत ठेवायचं नाही. "मंग तू आन तुये भोंगे," ते म्हणाले. पेरणी झाल्यावर काय, असं मी विचारलं. पेरणी झाल्यावर टीव्ही पाहायला वेळ कोणाकडे असतो, असं त्यांचं उत्तर होतं. त्यांना दिवाळी ते पेरणी एवढंच हवं होतं.

मार्च, एप्रिलमध्ये आम्ही बहुतेक रविवारी सिनेमा पाहिला. बाबा आता आईला मधेच कथा सांगायला लागले होते. "तुमी गप बसाना, मले ऐकू येते," असं आई म्हणायची. तापमान वाढलं तसे ते सकाळी दोन्ही खिडक्या बंद करायचे, दुपारी पोत्यांवर हात ठेवून पाहायचे आणि कधी कधी सिनेमा निम्म्यात बंद करायचे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा संपवून मी घरी होते. बाबांनी प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढले, मिसळले, आणि न निवडता शंभर घेतले. ओल्या बारदानाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी केली. पुढच्या पोत्यांची गुंडाळी लाल दोऱ्याने बांधली, मागच्या पोत्यांची पांढऱ्या. दोन्ही माठाजवळ सावलीत ठेवल्या. पाच दिवस आई सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी शिंपडत होती. त्या पाच दिवसांत टीव्ही लागला नाही. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी आठला मोठे बाबा आले. बाबांनी आधी पांढरा दोरा सोडला. चांगला, सरळ कोंब आलेला दाणाच मोजायचा, वाकडा किंवा सडका नाही, हा त्यांचा नियम. मी ओळीनुसार आकडे कागदावर लिहिले. मागच्या खोलीतल्या शंभरपैकी एक्क्याऐंशी.

मग लाल दोरा. बाबांना गाठ लवकर सुटेना, ती आईने सोडली. पहिल्या ओळीत आठ, दुसऱ्या ओळीत नऊ, तिसऱ्या ओळीत सात. बाबा बोट ठेवून मोजत होते आणि ओठांनी आकडा म्हणत होते, आवाज येत नव्हता. दहा ओळी झाल्यावर मी बेरीज केली आणि कागद त्यांच्याकडे दिला. ब्याऐंशी.

मोठ्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बारदान आपल्याकडे ओढून पहिल्या ओळीपासून स्वतः मोजलं.

ब्याऐंशीच आले.