पाण्याच्या टाकीची एक फेरी

जानराव गजभियेला कुणी विचारलं, "तुझी सायकल कोणत्या कंपनीची?" तर तो उलट विचारायचा, "कोणता भाग?"

प्रश्न रास्तच होता. फ्रेम रशियन होती. भिलाईचा कारखाना उभा करायला आलेल्या साहेबांपैकी कोणीतरी घरी परतताना ती मागे ठेवून गेला होता. आकाशी निळ्या रंगाची, बारीक नळ्यांची, दोन बोटांनी उचलावी अशी. चाकांच्या रिमा अ‍ॅल्युमिनियमच्या, थेट कलकत्त्याहून आलेल्या. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. सीट एका पोस्टमनची, त्याने सगळी नोकरी तिच्यावर बसून काढल्यामुळे लोण्यासारखी मऊ झालेली. चेन तेवढी नवी कोरी, कारण चेनच्या बाबतीत जानरावचा कोणावरही विश्वास नव्हता.

तो त्याच कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये फिटर होता. दिवसभर हत्तीएवढ्या मशिनींचे नट आवळायचा आणि घरी आल्यावर सायकलच्या चाकातल्या वाटाण्याएवढ्या छर्ऱ्यांना ग्रीस लावत बसायचा. ह्याला तो आराम म्हणायचा. सेक्टर सहामधल्या त्याच्या क्वार्टरमध्ये न्हाणीघरात चाकं टांगलेली असत आणि डालड्याच्या डब्यात घासलेटात हब भिजत पडलेले असत. एकदा पोह्यात छर्रा निघाला. बायको पंचफुला काही बोलायच्या आतच जानराव आनंदाने ओरडला, "सापडला!"

असे आणखी तिघे होते, म्हणून बरं. कवडू मिस्त्रीचं सेक्टर सहाच्या बाजारामागे सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं. नरहरीबाबू कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. टिकाराम साहू नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीतून यायचा, दगडांचा रस्ता तुडवत. दर रविवारी सकाळी चौघं कवडूच्या दुकानापुढे जमत. ह्याला ते मंडळ म्हणत.

मंडळाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. पैशाचं नाव काढायचं नाही, वस्तूला वस्तू. जो आधी मागेल, त्याने वस्तूच्या बदल्यात वस्तू तर द्यायचीच, पण वर काहीतरी जास्तीचंही द्यायचं. त्या जास्तीच्या वस्तूला वर्ताळा म्हणत. आणि घेतलेला भाग सायकलला लावून जवळच्या पाण्याच्या टाकीला एक फेरी मारली की सौदा पक्का. मग पस्तावलात तरी 'परत घे' म्हणायचं नाही. नवा सौदा करायचा. फेरी पुरी झाली की कवडू रिकाम्या रिमवर पाना आपटायचा, ठण्ण! त्या आवाजाला मान होता.

एकदा ह्या मंडळातून परतल्यावर जानरावने सायकलचं कॅरिअर काढून टाकलं.

"हे कावून काढलं?" पंचफुलाने विचारलं.

"फुकटचं वजन आहे. बिनाकॅरिअरची सायकल पाह्य, कशी हवेसारखी जाते."

"आन मी कुठी बसू?"

जानराव थोडा अडखळला. मग म्हणाला, "मंडळाच्या गोष्टी हायेत ह्या. बाईमाणसाले त्यातलं नाई समजत."

पंचफुलाने ते वाक्य ऐकून ठेवलं. तेव्हापासून ती बाजारहाटाला सिविक सेंटरला पायी जायची आणि जानराव तिच्या शेजारून हळूहळू सायकल चालवायचा. हलकी सायकल हळू चालवणं किती कठीण असतं, हे तो तिला वाटेत समजावून सांगायचा.

आता खरी अडचण अशी की मुळात जानरावची सायकल ही नव्हतीच. त्याला लग्नात सासऱ्यांनी एक सायकल दिली होती. सासरे मारोतराव तुमसरला रेल्वेत कीमन होते. जन्मभर रुळांवर हातोडा ठोकत चालले आणि चालता चालता पोरीच्या लग्नाची सायकल जमवली. काळीभोर, बैलासारखी दणकट. हिरव्या चेनकव्हरवर पेंटरकडून पांढऱ्या रंगात 'जानराव – पंचफुला' असं लिहून घेतलेलं, मध्ये कमळ. घंटी अशी, की वाजवली तर पुढच्या गल्लीतली कुत्री बाजूला व्हावीत. सगळ्या पाहुण्यांसमोर सासरे म्हणाले होते, "जावईबापू, सायकल जपा. पोरगी सोताले जपते."

जानरावने सगळ्यांसमोर मान डोलावली होती.

आणि मग मंडळ भेटलं. फ्रेम गेली कवडूकडे, तो ती भाड्याने द्यायचा. हँडल आणि घंटी गेली नरहरीबाबूंकडे. चाकं आणि नावांचं चेनकव्हर गेलं टिकारामकडे, नंदिनीला. भाग एकेक करून गेले, त्यामुळे सायकल गेली असं जानरावला कधी वाटलंच नाही.

ते वाटलं एका सोमवारी. पंचफुला भावाच्या घरचा कार्यक्रम आटोपून तुमसरहून परतली आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "अजी, बाबा येऊन राहिले रविवारी."

"येऊ दे ना."

"तुमची सायकल पाहाची म्हणतेत. लय मागं लागले. म्हणे, सायकल पाहल्याशिवाय चहा नाई घेत."

जानरावच्या हातातला पाना पायावर पडला. पंचफुलाने वाकून तो उचलला, त्याच्या हातात दिला आणि भाजी चिरायला बसली. तिला हसू येत होतं की कांदा झोंबत होता, हे त्याने पाहिलं नाही.

सगळ्या पाहुण्यांसमोर डोलावलेली मान आता त्याला जड झाली. सासरे दारात उभे आहेत, आणि आपण सांगतोय की तुमच्या सायकलीचं मागचं चाक नंदिनीच्या खाणीत असतं... छे! रविवारच्या आत ती काळी सायकल उभी राहिलीच पाहिजे. आता मागणारा तो होता. म्हणजे वर्ताळा त्यानेच द्यायचा.

कवडूने काळी फ्रेम दिली आणि निळी घेतली, वर हवा भरायचा पंप घेतला. वर्षभर त्याचा त्या निळ्या फ्रेमवर डोळा होता. "तुह्या घरी काही झालं का बे?" त्याने फ्रेमला फडकं मारत विचारलं. "नाई, तसा चेहरा करून आला म्हणून विचारलं."

नरहरीबाबू आढेवेढे घेत बसले. "ही घंटी म्हणजे माझी ओळख आहे, जानराव. ऑफिसात लोक घंटी ऐकून फायली उघडतात."

"म्हणून तर शर्यतीचं हँडल देऊन राहिलो. तुमच्यासारख्या माणसाच्या हाताले ते शोभंल."

"असं म्हणतोस?" नरहरीबाबूंनी दोन्ही हात हवेत खाली वाकवून पाहिले. "आणि वर्ताळा?"

डायनॅमोचा दिवा गेला.

टिकारामसाठी जानराव नंदिनीपर्यंत गेला. अ‍ॅल्युमिनियमची चाकं पाहून टिकाराम म्हणाला, "भैया, ये तो चांदी है, चांदी! ले जाओ अपना लोहा." वर्ताळा म्हणून त्याने पोस्टमनची सीट मागितली. जानराव त्याच्या खडखडीत, स्प्रिंग तुटलेल्या सीटवर बसून घरी आला. ती सगळी वाट त्याला बसतानाच नव्हे, तर उठतानाही आठवत राहिली.

तिघांनीही टाकीला फेरी मारली, कवडूने तर जानरावचीच चाकं घटकाभर निळ्या फ्रेमला लावून. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. तीन सौदे पक्के. शनिवारी जानरावने काळी सायकल उभी केली, घासूनपुसून चकचकीत केली. फक्त जुन्या कॅरिअरचा कुठे पत्ता लागला नाही. गंजून तुटलं, असं सांगायचं त्याने ठरवलं. हा सगळा आठवडा पंचफुला दारात उभी राहून बघत होती, मध्येच चहा आणून देत होती. इतक्या प्रेमाने ती बऱ्याच दिवसांत वागली नव्हती.

रविवारी सकाळी मारोतराव आले. खांद्यावर पिशवी, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. जयभीम झाला. पाणीसुद्धा न घेता ते सायकलीभोवती एक चक्कर फिरले, फ्रेमवर बोटाने टकटक केलं, घंटी वाजवली. समोरच्या क्वार्टरमधलं कुत्रं उठून गेलं.

"हे तर मीच देल्ली होती."

"हाव मामाजी," जानरावची छाती फुगली. "जशीच्या तशी!"

"ते दिसतेच हाय. निळी कुठी हाय?"

"कोणती निळी?"

"आता बा! पंचफुला तुमसरले सगळ्याइले सांगत होती का जावयानं सायकलचं उडतं इमान बनवलं. फक्त मांगं बसाले जागा नाई म्हणे. म्हणून मी लोहाराच्या मांगं बसून हे करून आणलं." त्यांनी गोणपाट सोडलं. आत कॅरिअर होतं. बारीक सळईचं, हलकं, निळ्या रंगात रंगवलेलं. "इमान पाहाले आलो मी, अन् तुमी मले बैलगाडी दाखवून राहिले."

जानरावने पंचफुलाकडे पाहिलं. ती चहा गाळत होती.

"तुले सगळं मालूम होतं! आठवडाभर मी वणवण फिरून राहिलो, तवा कावून नाई बोलली?"

"मंडळाच्या गोष्टी ना त्या," पंचफुला म्हणाली. "बाईमाणसाले त्यातलं काय समजते?"

मारोतराव खाटेवर बसून पोट धरून हसले. मग उठले. "चला जावईबापू. तुमचं मंडळ तं पाहू. पंचफुला, तूबी चाल."

वाटेत जानरावने सासऱ्यांना मंडळाचे नियम आणि आठवड्याचे सौदे सांगून टाकले. कवडूच्या दुकानापुढे त्या दिवशी नेहमीसारखा गोंगाट नव्हता. नरहरीबाबू सायकल हाताने ढकलत आले. शर्यतीच्या हँडलला वाकायचं तर पोट आड येत होतं, आणि पोट आवरायचं तर रस्ता दिसत नव्हता. टिकारामची पँट पोटरीपाशी चेनने खाल्ली होती आणि चांदीची चाकं खाणीच्या रस्त्याने जिलबीसारखी करून टाकली होती. कवडूची निळी फ्रेम खुंटीला लटकलेली होती. पुढच्या चाकाचा देशी चिमटा तिला बसत नव्हता, देशी चाक बसत नव्हतं. भाड्याचं गिऱ्हाईक तिच्याकडे फक्त बघून जायचं.

तिघंही जानरावच्या काळ्या सायकलीकडे बघत होते, आणि एकमेकांकडे बघणं टाळत होते. जो आधी बोलेल, त्याला वर्ताळा द्यावा लागणार.

जानरावला राहवेना. त्याने तोंड उघडलं, तोच सासऱ्यांनी जावयाच्या पायावर पाय ठेवला. रेल्वेचा बूट होता. जानरावचं तोंड मिटलं.

"काय घंटी हाय हो," मारोतराव कोणाकडेही न बघता म्हणाले आणि वाजवली. नरहरीबाबूंचा हात आपोआप वर आला आणि खाली गेला. "अन् हे चेनकव्हर. ह्याच्यात पँट कधी अटकत नाई." टिकारामने पोटरी खाजवली. "अन् फ्रेम म्हणसान तं कोणतंबी चाक लावा, बसते." कवडूने खुंटीकडे पाहिलं.

मारोतरावांनी आणखी एकदा घंटी वाजवली.

"देऊन टाका हो ती!" नरहरीबाबू ओरडले. "हँडल घ्या तुमचं! ऑफिसात कोणी फाईल उघडत नाही!"

"नाई बा," मारोतराव म्हणाले. "पोरीच्या लग्नातली निशाणी हाय. कशी देऊ?"

"डायनॅमो परत देतो!"

"तो तं तुमी जावयाचाच घेतला होता. त्याले वर्ताळा म्हणत असान तं..." मारोतरावांनी मान हलवली. नरहरीबाबूंनी आपल्या सायकलीचा आरसाही त्यात घातला.

एक पडला की बाकीचे पडतातच. टिकारामने चाकं दिली, सीट दिली, "भैया, मेरे को लोहा ही चाहिए" म्हणाला आणि वर कबूल केलं की चाकं सरळ करायला तो स्वतः बसेल. कवडूने फ्रेम दिली, पंप दिला, आणि वर नव्या ब्रेकच्या रबरांची जोडी दिली. देताना म्हणाला, "तुहा सासरा मंडळात घेऊ नोको बे. आमी रस्त्यावर येऊ." जानराव आणि पंचफुलाची नावं लिहिलेलं चेनकव्हर पुन्हा टिकारामच्या सायकलीवर चढलं.

दुपार होईपर्यंत टिकारामने चाकं जमतील तशी सरळ केली आणि निळी उभी राहिली, तिच्या मागे निळं कॅरिअर. जानराव तिच्याकडे बघत होता आणि मनातल्या मनात हिशेब करत होता: सासरे मंगळवारी जातील, बुधवारी फर्स्ट शिफ्ट आहे, संध्याकाळी दोन नट सोडले की झालं. वजन वजनच असतं, सासऱ्यांनी आणलेलं असलं तरी.

"अजी," पंचफुला म्हणाली, "टाकीले फेरी माराची राह्यली ना?"

"मारतो ना."

तो सीटवर बसायच्या आतच ती पदर खोचून कॅरिअरवर बसली होती.

जानरावने सासऱ्यांकडे पाहिलं. मारोतराव आभाळाकडे बघत होते. त्याने कवडूकडे पाहिलं. कवडूच्या हातात पाना तयार होता. फेरी पुरी झाली की कॅरिअर पक्कं. आणि मंडळाचा नियम मंडळातल्या माणसाला मोडता येत नाही.

"उतर थोडी वेळ," जानराव हळूच म्हणाला. "आधी मी एकटा मारून पाह्यतो. चाकं अजून सरळ..."

"वजन नाई ना मी?" पंचफुला म्हणाली. "मारा पैडल."

त्याने पैडल मारला. सायकल डुगडुगली, मग सावरली. टाकीपाशी वळताना तिने त्याच्या शर्टाला धरलं. वळणावर निळी फ्रेम जरा कुरकुरली, तशी ती कधी कुरकुरत नसे. जानराव हळू चालवत राहिला. लग्नातल्या घंटीची त्याला आठवण झाली, पण ती आता नरहरीबाबू पुढे वाजवत होते, जोरजोरात, पुन्हा पुन्हा.

ठण्ण!

जानराव दुकानापाशी ब्रेक दाबणार, तोच मागून आवाज आला.

"थांबू नोका. सिविक सेंटरले घ्या."

"टाकीची फेरी झाली ना."

"टाकीची झाली," पंचफुला म्हणाली. "आता माही."