मामाजींची बजावणी

विधानसभेचा निकाल लागला आणि कोणालाच बहुमत मिळालं नाही, त्या दिवशी दुपारी माझी बायको वारली.

पुढचं सगळं तिच्या मामांबद्दल आहे. राज्यघटना हे आपल्या घरचंच प्रकरण आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो तालुक्याच्या कोर्टातला निवृत्त बेलिफ होता. समन्स घेऊन गावोगाव हिंडायचं, ज्याच्या नावाचा कागद त्याच्याच हातात द्यायचा, सही घ्यायची. माणूस भेटला नाही तर दोन पंचांसमोर दारावर डकवायचा आणि तसा अहवाल लिहायचा, यात मामाजींचं आयुष्य गेलं. कोर्टाने त्यांना निवृत्त केलं, ते आमच्याकडे राहायला आले, पण त्यांनी बजावणी सोडली नाही. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी हवं, एवढं सांगायलाही ते दोन प्रती काढत आणि एकीवर त्याची सही घेत. शेजारच्या मुलीच्या लग्नपत्रिका वाटायला निघाले, तेव्हा रुसलेल्या एका आत्याबाईंनी पत्रिका हातात घेतली नाही. मामाजींनी ती खळ लावून त्यांच्याच दारावर चिकटवली आणि यादीत शेरा मारला, ‘घेण्यास नकार, सबब पंचांसमक्ष डकविली.’ आत्याबाई लग्नाला आल्या. बोलावलंच नाही असं म्हणायला जागा उरली नव्हती. माझी बायको त्यांच्याच घरात लहानाची मोठी झालेली, तिला या सगळ्याची गंमत वाटे. ती चुलीपाशी बसून विचारायची, “मामा, जेवाले चला याची नोटीस काढू का?” ते गंभीरपणे म्हणत, “काढ. तोंडी सांगतलेलं कोर्टात टिकत नाई.”

मात्र त्यांनी एक समन्स न बजावता परत केलं होतं. मेव्हण्याच्या शेतीचा दावा होता आणि कागद मेव्हण्याच्या विरुद्ध पक्षाला द्यायचा होता. साहेब म्हणाले, “अहो, नुसता कागद तर पोचवायचा आहे.” मामाजींनी उत्तर दिलं, “साहेब, कागद पोचला का नाई हे मीच सांगीन, अन् फायदा माह्याच घरात जाईन. दुसऱ्याले पाठवा.” लोकशाहीत सत्तेच्या वाटण्या का करतात यावर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. याहून सोपं उत्तर एकाही पुस्तकात सापडलं नाही.

मतदानाच्या आठवडाभर आधी आमचा उमेदवार अंगणात आला होता. बायको खाटेवर पडून होती. तो तिच्या पायांशी बसून म्हणाला, “ताई, मी समोरच्या पक्षाच्या त्या लोकांसंगं कधीच जाणार नाई.” नंतर तिला सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं, तरी एवढ्या एका वाक्यासाठी ती तिथून मतदानाला आली. मामाजींनी ऑटो आणला, शाळेच्या पायऱ्यांवरून तिची खुर्ची आम्ही दोघांनी उचलली. बाहेर आल्यावर शाई लागलेलं बोट तिने मामाजींना दाखवलं. त्यानंतर ती घरातून कुठेही गेली नाही.

तेरवी झाली, आणि दोन दिवसांनी टीव्हीवर ते उमेदवार, आता आमचे आमदार, दिसले. त्याच लोकांच्या बसमध्ये, खिडकीशेजारी, हात हलवत. मग ते आठवडाभर कुठल्याशा हॉटेलात नाहीसे झाले आणि परतले तेव्हा सरकार तयार होतं. त्यांना अपात्र ठरवा असा अर्ज त्यांच्या जुन्या पक्षाने विधानसभेच्या अध्यक्षांकडे केला. अध्यक्ष कोणी निवडले? याच लोकांनी. सरकार ज्या हातांवर उभं होतं त्या हातांबद्दलच वाद होता, आणि तो वाद ऐकायला बसलेला माणूस त्याच हातांनी खुर्चीवर बसला होता. कोर्ट म्हणे, आधी अध्यक्षांनी ठरवावं. अध्यक्ष म्हणत, पाहू. एका तालुक्याच्या बेलिफाला जी लाज होती, ती एवढ्या मोठ्या सभागृहात कोणालाच नव्हती. मला आजही हे शांतपणे लिहिता येत नाही.

मामाजींनी आमदारांच्या नावे नोटीस लिहिली, ‘मतदारास दिलेला शब्द मोडला, सबब राजीनामा द्यावा.’ मी म्हणालो, “मामाजी, याला कायद्यात काही किंमत नाही.”

“मले माईत नाई का, जवाईबापू? पण उद्या तो म्हणन का मले कोनं सांगतलंच नाई. थे म्हनू द्याचं नाई त्याले.”

मी आणि चहावाला असे दोन पंच घेऊन ते आमदारांच्या कार्यालयात गेले. तिथल्या पोरांच्या घोळक्यात एक पीए होता.

“साहेब कुठं हायेत?”

“बाहेरगावी.”

“कोन्त्या गावी?”

“ते नाई सांगता येत, काका.”

मामाजींनी लिहून घेतलं, ‘लोकप्रतिनिधी मिळून आले नाहीत. ठावठिकाणा सांगता येत नाही असे कळते.’ मग खळ लावून कागद दारावर डकवला. पीए ओरडला, “काऊन घाण करून राह्यले? फाडीन मी हे!”

“फाड ना बाप्पा. डकवली का बजावणी झाली. फाडल्यानं वापस होत नाई.”

त्याने फाडलीच. आम्ही तिघे चहा पिऊन घरी आलो.

पुढे आमदार भेटले ते केळझरच्या गणपतीला. गर्दीतून वाट काढत येऊन ते मामाजींच्या पाया पडले. “काका, नोटीस समजली मले. पण इलाक्याच्या विकासासाठी गेलो मी. नाराज लोकायले पुढच्या इलेक्शनमधे तोंड दाखवीनच ना.”

मामाजींनी त्यांना उठवलं. आवाज अजिबात चढवला नाही. “दाखवजा. तुमचे बाकीचे मतदार पाच वर्षांनी हायेतच. त्यायले पुन्हा विचारता येते. माह्या पोरीले कवा विचारान?”

कोणीतरी हार पुढे केला, तो आमदारांनी हातातच धरून ठेवला आणि गाडीकडे गेले. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी दिसलं असं मला वाटलं. पण त्यांनी राजीनामा दिला नाही, म्हणून ते मी मोजत नाही.

अर्जाचा निकाल कधीच लागला नाही. तारखा पडत राहिल्या, विधानसभेची मुदत संपली आणि विषयच संपला असं सांगण्यात आलं. एवढी वर्षं मतदार यादीतलं तिचं नाव मी कमी करू पाहिलं, की मामाजी अडवायचे. “प्रकरण चालू हाय. तिचं मत अजून कोनाकडं हाय, थे ठरलं नाई.” मुदत संपली त्या आठवड्यात ते स्वतःच तहसीलमधून नाव वगळण्याचा फॉर्म घेऊन आले. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला, मी भरला. तिचं पूर्ण नाव लिहिताना ते शेजारी बसून होते. फॉर्म मी नेऊन दिला.

मतदार यादीत आमच्या घरची आता दोन नावं आहेत.