इंद्रभान लाइनमन आणि जमिनीखालचा फॉल्ट

आसेगावात वीज गेली की लोक आधी इंद्रभानच्या अंगणात येतात, मग मेणबत्ती शोधतात. लाइनमनची नोकरी संपून पाच वर्षं झाली, तरी तेच. बायको मनकर्णाबाई म्हणते, "सरकारनं सोडलं, गावानं नाही सोडलं." आणि गड्याला ते आवडतं, बरं का! तोंडानं कुरकुर चालू असते, पण पाय चपलेत कधीच गेलेले असतात. फॉल्ट सापडला नाही, असं त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी मांडणीवरची भांडी आपोआप वाजली. मनकर्णाबाईनं आधी मांजरीला शिव्या दिल्या. गल्ली बाहेर धावली तेव्हा कळलं, भूकंप! नुकसान काडीचं नाही. पण तिसरीतली नात निकिता त्या दिवसापासून वर्गात पाय ठेवेना. दप्तर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसे. चौथ्या दिवशी ती आजोबापुढं उभी राहिली.

"आबा, पक्कड घ्या अन् चला."

"कुठी वं?"

"शाळेत. अनिसा मॅडमनं सांगतलं, जमिनीखाली फॉल्ट लाइन राह्यते, तिच्यानं भूकंप होते. तुमी फॉल्ट काढा, मंग मी वर्गात बसतो."

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसली. इंद्रभानला मात्र हसू येईना. पोरीचा भरवसा एवढा मोठा, की नाही म्हणायला जीभ उचलेना. आणि हो म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी.

तो गेला, पण पक्कड न घेता. तिसरीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. निकिता दारातून बघत होती. मॅडमनी फळ्यावर खोलवरचा खडक काढला, त्यात एक जुनी फट, दोन्ही बाजू एकमेकींवर दाबलेल्या. इंद्रभाननं पोरांसारखा हात वर केला.

"म्हणजे गंजलेला नट, मॅडम?"

"कसा काय, काका?"

"खांबावर एखादा नट जाम राह्यते. पान्यानं जोर लावा, हालत नाही. अजून लावा, हालत नाही. जोर तिथंच साचत राह्यते. अन् मंग एकदम कटकन सरकते! सरकते बोटभर, पण अख्खा खांब थरथरते, तारा हालते पार पुढच्या खांबालोक."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "खडक अडकून राहतो, ताण साचतो. सरकला की हादरा लाटांसारखा पसरतो. लांबच्या गावात नुसती भांडी वाजतात."

"वावरातल्या भेगा म्हंजे फॉल्टच का?" मागच्या बाकावरच्या शिवमनं विचारलं.

"नाही रे. काळी माती वाळली की भेगाळते, पाणी पडलं की मिटते. फॉल्ट त्याच्या कितीतरी खाली, खडकात."

"आबा, मंग काढता का नाही?" दारातून आवाज आला.

सगळा वर्ग इंद्रभानकडं वळला.

"नाही माय. हा माह्याच्यानं निघत नाही. कोणाच्याच नाही. अन् कवा सरकंल, तेही कोणाले सांगता येत नाही."

निकिताचा चेहरा उतरला. मग तिनं विचारलं, "नट सरकला का तुमी खांबावर काय करत होते?"

"गच्च धरून राहत होतो. हालणं थांबलं, का सावकाश खाली."

निकिता आत आली. बाकाखाली शिरली, बाकाचा पाय दोन्ही हातांनी धरला. "असं?"

"डोकं अजून आत घे."

मग सगळा वर्गच बाकांखाली गेला. इंद्रभानही शिरायला गेला, पण पोट बाहेरच राहिलं, पोरं खिदळली. मॅडमनी सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं, तेव्हा निकिता व्हरांड्यात गेली आणि आपलं दप्तर आत घेऊन आली.