न चाखता घेतलेली गाडी

वडखळ नाक्यावर अलिबागचा रस्ता जिथं गोवा हायवेला सोडून जातो, तिथं काळुराम घरतचं ‘एकविरा कुशन वर्क्स’ होतं. नाव भारदस्त, दुकान म्हणजे चार पत्रे, एक शिवणयंत्र आणि रेक्झिनचे गठ्ठे. रिक्षाचं हूड, जीपचं छत, ट्रकवाल्याची गादी, मोटारीच्या सीटा, काहीही शिवून मिळे. पण पेणपासून रोह्यापर्यंत काळुरामचं नाव झालं होतं ते शिलाईमुळे नव्हे, जिभेमुळे.

त्या भागात कुणाला जुनी मोटार घ्यायची झाली, की आधी मेकॅनिकला न्यायचं आणि मग काळुरामला. मेकॅनिक इंजिन ऐकायचा, टायरला दोन लाथा घालायचा, काहीतरी इंग्रजी बोलायचा. काळुराम गप्प असायचा. तो मागची सीट उचलायचा, मॅट सरकवायचा, पत्र्याच्या सांध्यात करंगळी घालून फिरवायचा आणि ती जिभेला लावायचा. मग एकच शब्द बोलायचा. ‘गोडी’ म्हणाला तर गाडी घ्यायची, ‘खारी’ म्हणाला तर चहा पिऊन घरी जायचं.

कारण साधं होतं. खाडीच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी वरून कितीही रंगवा, पुट्टी भरा, पॉलिश मारा. मीठ तळात जाऊन बसतं आणि पत्रा आतून खात राहतं. हे डोळ्यांना दिसेपर्यंत पाय रस्त्याला लागलेला असतो. काळुरामचा बाप मिठागरात होता. आगरातलं पाणी जिभेवर घेऊन मीठ कधी धरेल ते सांगायचा, आणि मीठ त्याच दिवशी धरायचं. पोराला बापाची जीभ मिळाली. आगर तेवढं मिळालं नाही.

आणि ही जीभ नातंगोतं बघत नाही, हे एकदा सगळ्यांना दिसलं होतं. रोह्याचे भातगिरणीवाले दिनानाथशेट दोन वर्षांपूर्वी एक अॅम्बेसेडर घ्यायला निघाले होते. गाडी विकणारा खांबचा पुंडलिक, म्हणजे काळुरामचा सख्खा मेहुणा, बायको ठमाबाईचा भाऊ. त्यानं स्वतः ती खाडीकाठच्या खारेपाटातल्या कुणाकडून तरी घेतली होती आणि आता घाईघाईनं पुढं सरकवत होता. काळुरामनं बोट घातलं, चाखलं, आणि मेहुण्याच्या तोंडावर ‘खारी’ म्हणाला. दिनानाथशेट चहा पिऊन घरी गेले. पुंडलिक त्यानंतर दोन भाऊबीजा बहिणीकडे आला नाही. ठमाबाई दोन्ही वेळा ओवाळणीचं ताट तयार करून ओटीवर बसली आणि संध्याकाळी ते उचलून आत ठेवलं.  काळुरामसमोर भांडी मात्र जरा जोरात ठेवली.

अशा माणसाला भुरळ पडली ती एका शनिवारच्या गाडीची.

ती गाडी पुण्याच्या एका डॉक्टरची. पांढरी शुभ्र, लांब नाकाची, इंपोर्टेड. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तिचा यात काही दोष नव्हता. दर शनिवारी अकराच्या सुमाराला ती पेणच्या बाजूनं यायची, डॉक्टर नाक्यावर वडे घ्यायचे, आणि गाडी अलिबागच्या रस्त्याला लागायची. रविवारी संध्याकाळी परत. काळुराम शनिवारी अकरा वाजता गिऱ्हाइकाचं ऐकत नसे. मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा.

“आली तुझी,” पेणचा रघू मेकॅनिक म्हणायचा. तो सुटे भाग न्यायला नाक्यावर यायचा आणि अर्धा दिवस काळुरामच्या दुकानात काढायचा.

“आवाज ऐक नुसता,” काळुराम म्हणायचा. “दूध तापाय ठेवल्यावानी.”

“दूध नासतं पण.”

“तुजं तोंड बघून नासंल.”

काळुरामकडे स्वतःची फियाट होती. जुनी, पण गोडी. तिच्या लाल सीटा त्यानं स्वतः शिवल्या होत्या आणि ती कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती. हाच तिचा दोष झाला. जी गाडी कधीच त्रास देत नाही, तिच्याबद्दल चारचौघांत बोलायचं तरी काय?

शहाण्णव सालच्या होळीनंतर डॉक्टर वडे घ्यायला उतरले आणि सहज म्हणाले, की आता ही काढायची आहे. काळुरामच्या हातातली कात्री तशीच राहिली. पुढच्या शनिवारी व्यवहार ठरला. फियाट रघूनं घेतली, कारण रघूला गाडी लागत होती, आणि काळुरामची गाडी न तपासता घेता येते हे त्याला ठाऊक होतं.

पांढऱ्या गाडीचं इंजिन रघूनं ऐकलं, टायरला लाथा घातल्या आणि म्हणाला, “माजं झालं. आता बोट घाल.”

“पुण्याची गाडी हाय,” काळुराम म्हणाला. “नंबर बघ, एमएच बारा. तिकडं कोरडी हवा. पुण्याच्या गाडीला काय बोट घालायचं?”

“घाल की. बोट झिजतंय थोडंच?”

“नको. डॉक्टरांना काय वाटंल?”

डॉक्टर बिचारे वड्याचा कागद कुठं टाकावा ते शोधत होते. त्यांना काहीही वाटलं नसतं.

पुढचे सहा महिने काळुराम राजासारखा हिंडला. हमरापूर, जोहे, पेण. काम नसलेल्या गावांनाही त्यानं काम काढलं. जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात एकानं सांगितलं, की गाडीचा रंग मूर्तीच्या सुळ्याला लागतो तसला चकचकीत आहे, तर काळुराम दोन दिवस तेच सांगत फिरला.

दसऱ्याला गाडीची पूजा. त्याआधी सीटा नव्या कराव्यात म्हणून त्यानं वाइन रंगाचं रेक्झिन आणलं, दुकान बंद ठेवलं आणि मागची सीट उचलली. मॅट काढली. मॅटखालचं जाड कापड ओलसर लागलं. ते उचललं, तर खाली बारीक करडी वाळू, आणि वाळूत नखाएवढी एक शिंपली.

काळुरामनं शिंपली उचलून बाजूला ठेवली. मग त्यानं करंगळी सांध्यात घातली, फिरवली आणि जिभेला लावली.

डॉक्टरांचा बंगला अलिबागच्या पुढं, ऐन समुद्रावर होता. गाडी सहा वर्षं दर शनिवारची रात्र लाटांच्या तोंडाशी काढत आली होती. आणि ती तिकडं जाते हे सांगायला कुणा गुप्तहेराची गरज नव्हती. दर शनिवारी ती काळुरामच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच दुकानासमोरून, समुद्राकडे वळत होती. साऱ्या तालुक्याच्या गाड्या चाखणाऱ्यानं वळण बघितलं, चाल बघितली, आवाज ऐकला. फक्त ती जाते कुठं, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सीटा मात्र अशा शिवल्या की बघणाऱ्यानं चप्पल काढून बसावं. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गाडीचा तळ गोड्या पाण्यानं धुवायला सुरुवात केली.

आता, त्यांच्या गावात गोडं पाणी म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारा टँकर. ठमाबाईनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी ती हंडा कमरेवरून न उतरवता उभी राहिली.

“लग्नाला वीस वर्सं झाली. माजी पाठ कवा इतकी चोळली नाय तुमी.”

“गाडी हाय गो. जपाय लागते.”

“फियाटला नाय लागायची ती.”

फियाटचं नाव निघालं की काळुराम फडकं पिळून पुन्हा गाडीच्या तळाखाली शिरायचा. रघू रोज सकाळी त्याच फियाटमधून दुकानासमोरून जायचा आणि मुद्दाम हॉर्न द्यायचा. काळुराम मान खाली घालून शिवत राहायचा. इकडे पांढऱ्या गाडीत बसलं, की त्याला इंजिनचा आवाज येईनासा झाला होता. खालून पत्रा कुरकुरतोय, एवढंच ऐकू यायचं. रघूला तो आवाज येत नव्हता. कुणालाच येत नव्हता.

दिवाळीच्या आधी आठ दिवस रोह्याहून दिनानाथशेटचा निरोप आला. मुलीचं, सुरभीचं, लग्न ठरलंय, मोठी गाडी हवी. तुमची पांढरी विकणार असाल तर घेऊन या. काळुरामला वाटलं, सुटलो. तो काही खोटं बोलणार नव्हता. गाडी न्यायची, किल्ली द्यायची. शेटनं विचारलं तर बघू; न विचारलं तर आपण होऊन कशाला बोलायचं?

वडखळपासून रोह्यापर्यंत हाच हिशोब तो मनाशी करत होता. शेजारी रघू बसला होता. गाडीचा तळ रोज का धुतोस, असं त्यानं दोनदा विचारलं आणि मग खिडकीची काच खाली केली.

गिरणीच्या दारात गाडी थांबली, आणि भाताच्या पोत्यावर बसलेला माणूस काळुरामला दिसला. पुंडलिक. भात भरडायला आला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही गिरणीचा पट्टा कसा फिरतो ते बघायला सुरुवात केली.

दिनानाथशेट बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसून सीटवर हात फिरवला.

“झालं. घेतली,” ते म्हणाले.

“रघू इंजिन दाखवील,” काळुराम म्हणाला.

“कशाला? माझी आत्ताची मोटार तुमच्या शब्दावर घेतली, भावाची जीप तुमच्या शब्दावर घेतली. आता तर गाडीच तुमची. तिच्यात तपासायचं काय?”

पोत्यावरून आवाज आला. “नाय शेट. रीत ती रीत. बोट घालू द्या भावजींना.”

“पुंडलिक, तू गप.”

“मी गपच हाय दोन वर्सं. माज्या गाडीला बोट घातलं, तवा नातं आडवं आलं नाय. मग स्वताच्या गाडीला का नको?”

शेट हसले. “बरं, होऊन जाऊ द्या. गंमत.”

काळुरामनं मागचं दार उघडलं. स्वतः शिवलेली सीट उचलली. मॅट सरकवली. दसऱ्यापासून रोज धुतलेला पत्रा खाली लख्ख दिसत होता. त्यानं सांध्यात करंगळी घातली. रघू जमिनीकडे बघत होता. पुंडलिक पोत्यावरून उठून जवळ आला होता. काळुरामनं बोट जिभेला लावलं.

तोच शेटनीही वाकून बोट फिरवलं आणि चाखलं. “मला तर धुळीचीच चव लागते,” ते म्हणाले. “तुम्हाला काय ती?”

म्हणजे वाट मोकळी होती. त्या सबंध गिरणीत खऱ्याखोट्याची खात्री करू शकेल अशी दुसरी जीभ नव्हती. ‘गोडी’ हा दोन अक्षरांचा शब्द. तो उच्चारला असता तर गाडी तिथंच खपली असती आणि घरचं टँकरचं पाणीही वाचलं असतं.

“खारी,” काळुराम म्हणाला.

“काय?”

“खारी हाय, शेट. सहा वर्सं समुद्रावर झोपलीय. अजून दोन पावसाळ्यांत तळ हातात येईल. सुरभीच्या लग्नाला अशीच न्या, पैशे नको. इकत घेऊ नका.”

गिरणी चालूच होती, त्यामुळे शांतता वगैरे पसरली नाही. शेटनी बोट धोतराला पुसलं. “कधीपासून माहीत होतं?”

“दसऱ्यापासनं.”

“आणि घेताना?”

“घेताना चाखली नाय.”

रघूला तेवढ्यात हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यावर ढकललं. शेटनी चहा मागवला. पुंडलिकनं आपला कप दोन घोटांत संपवला आणि गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाला, “भावजी, माजी अॅम्बेसेडर अजून हाय माज्याकडं. पेंढा रचायच्या उंच माचाखाली ठेवलीय. खांबला खारा वारा नाय. मिठानं जेवढी खाल्ली तेवढीच हाय. त्या दिवसापासनं पुढं खाल्ली नाय.”

“मग?”

“मग काय. माचाखाली जागा हाय अजून एका गाडीची. तुमच्याकडं राहिली तर ताई पाणी वाहून मरंल. कानावर आलंय माज्या.”

काळुरामनं त्याच्याकडे बघितलं. पुंडलिक टपावरची नसलेली धूळ झटकत होता.

परत येताना गाडी खांबला राहिली. रघू आणि काळुराम हायवेवर एसटीला हात करत उभे राहिले. रघू म्हणाला, “फियाट परत पायजे का?”

“देतोस?”

“नाय.”

“मग इचारतोस कशाला?”

“तुजं तोंड बघाय.”

भाऊबीजेला पुंडलिक आला. ठमाबाईनं ओवाळलं, नवऱ्याकडे न बघता. भांड्यांचा आवाज त्या दिवशी झाला नाही.

सुरभीच्या लग्नात पांढरी गाडी खांबहून रोह्याला गेली आणि वरातीनंतर परत पेंढ्याखाली. त्यानंतर दर शनिवारी अकराच्या सुमाराला काळुराम दुकानाला कडी लावून वडखळहून एसटीनं खांबला जाऊ लागला. गाडी सुरू करायची, अर्धा तास आवाज ऐकायचा, पुंडलिककडे वालाची भाजी खायची आणि एसटीनं परत. मोटार असून एसटीनं तिला भेटायला जाणारा पेण तालुक्यातला तो एकटाच असावा. रघूच्या मते कुणी माहेरी गेलेल्या बायकोलाही इतक्या नेमानं भेटायला जात नाही.

गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट वाढलं. फक्त आता गाडी चाखायच्या आधी काळुराम नंबरप्लेटकडे बघतही नाही. मालकाला शेजारी बसवतो आणि विचारतो, “ही शनिवारी कुठं असायची?”