जून झालेलं वांगं

उज्वला हट्टी बाई, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सिडकोतल्या त्यांच्या रो-हाउसच्या मागं चार खाटा मावतील एवढी माती, तिच्यात तिनं आणि गोरखनं वीस वर्षं बाग राखली, तीही रोज भांडत. तिला फुलं हवीत, त्याला भाजी. गोरख अंबडच्या एका कारखान्यात टर्नर. सगळं मापात लागायचं त्याला. बागेत काय कधी आलं ते कुंपणाच्या भिंतीवर टोच्यानं कोरून ठेवायचा. ‘शेवंती, ११ नोव्हेंबर.’ ‘पहिलं दव, पत्रा ओला.’ भिंत नुसती ओरखड्यांनी भरली होती.

यंदा दसऱ्यानंतर तो खाटेला खिळला. अन्ननलिकेत गाठ. आधी भाकरी बंद झाली, मग भात. आता पेज, नाहीतर घोटून मऊ केलेलं काहीतरी. येत्या मंगळवारी पोटात नळी बसवायची ठरलं होतं. त्यानंतर तोंडानं पाण्याचा घोटसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गोरखचं मागणं एकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं हातानं लावलेलं भरताचं वांगं. "एकदा खाऊ दे गं. मग घाला नळी."

पण यांचं घर खंडोबाचं. आषाढापासून वांगं बंद, ते चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खायचं. त्यात उज्वलानं ओझरच्या खंडोबाला शब्द दिलेला: तुझी पाळणूक मोडणार नाही, यांना उठव. चंपाषष्ठी मंगळवारनंतर आठ दिवसांनी होती. पाळणूक नीट झाली तर नळीची वेळच येणार नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. कुणी काय सांगायचं अशा माणसाला?

रोज सकाळी ती बागेत फिरून यायची आणि खाटेशी बसून वर्दी द्यायची. पारिजातकाचा सडा विरळ झाला. दोडक्याचा वेल वाळून खडखडतोय. शेवंतीला कळ्या धरल्यात, अहो, गच्च! माती इतकी गार की चप्पल घालावी लागते.

"आणि वांगं?"

"नुसती फुलं आहेत अजून."

धादांत खोटं. दिवाळीच्या पाडव्यालाच अंगठ्याएवढं वांगं धरलेलं तिनं पाहिलं होतं, आणि त्यानं मागू नये म्हणून सांगितलंच नव्हतं. ते वाढलं, मुठीएवढं झालं, मग नारळाएवढं. ती येता-जाता त्यावर पान ओढायची.

शेजारच्या नसीमनं कुंपणावरून पाहिलं. "भाभी, तोडा की आता. चमक गेली त्याची."

"देवाचं आहे ते."

"देवाला कुठं भूक लागते? गोरखभाऊंना लागते."

"तुम्ही नका मधे पडू!" उज्वला इतकी जोरात ओरडली की नसीम आत निघून गेली. मग उज्वला तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून तोंडात पदर कोंबून रडली.

सोमवारी सकाळी तिनं वर्दी संपवली, तरी गोरखनं वांग्याचं विचारलं नाही. म्हणाला, "ते रोप उपटून टाक. वांझ असेल. मेथी पेर तिथं."

"असं काय बोलता? थांबा की, येईल."

"माझ्यानं थांबवत नाही आता."

तशी ती उठली. देव नाही, नैवेद्य नाही, काही नाही. धावत जाऊन वांगं पिरगाळून तोडलं आणि गॅसवर धरलं. साल तडतडली, करपट वास घरभर झाला.

"कुणाकडं भाजतायत गं?" आतून आवाज आला. कित्येक दिवसांत एवढा मोठा आवाज निघाला नव्हता.

"आपल्याकडं! आपलंच आहे!"

सोललं तेव्हा तिला कळलं. आत गर थोडा, बियाच बिया, पिवळ्या, टणक. तिनं हातानं कुस्करलं, मीठ घातलं, घाईघाईत बिया निवडल्या आणि बोटभर घास त्याच्या जिभेवर ठेवला. त्यानं डोळे मिटले. गिळायला गेला आणि बी अडकलं. असा ठसका लागला की सगळं बाहेर आलं, वर रक्ताचा धागा. तिनं पंच्यातून गाळून पुन्हा आणलं, तर त्यानं मान हलवली.

"वास आला. पुरे."

"चुकले हो मी! कवळं होतं तेव्हा गेलं असतं खाली. मी लपवलं. मेलीनं तुमच्या तोंडचा घास लपवला!"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "कधी धरलं होतं?" एवढंच त्यानं विचारलं.

"दिवाळीच्या पाडव्याला."

"मग भिंतीवर लिही तसं. टोच्या खिडकीत आहे."

तिनं जाऊन लिहिलं. अक्षरं वाकडी आली.

"लिहिलंस?" खिडकीतून त्याचा घोगरा आवाज आला. "आणि तोडलं कधी, तेही लिही. म्हणजे पुढच्या साली उशीर नको व्हायला."

उज्वला टोच्या धरून भिंतीपुढं उभी राहिली. आजची तारीख काही केल्या तिच्या हातून लिहवेना.