न्याहारीआधीची सुई

सोनईत दया गायकवाड हे नाव सांगितलं तर कोणी पटकन ओळखणार नाही. सिस्टर म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवतं. एकतीस वर्षं त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या उपकेंद्रांवर नर्सची नोकरी केली. त्यांच्या हातावर जन्मलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना डोस पाजायला नेतात.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे यजमान नोहा एसटीची ड्रायव्हरकी सोडून दोन वर्षं घरीच होते. एकुलती एक मुलगी, आराधना, पुण्यात नोकरीला. आता दोघांनी निवांत राहायचं, एवढाच बेत होता. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी नोहा अंगणात सायकलची चेन बसवत होते. बसवता बसवताच ते आडवे झाले.

दयाबाईंनी त्यांना उताणं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. तीस वेळा दाबायचं, दोनदा तोंडानं श्वास द्यायचा, परत तीस. दवाखान्याची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर त्या थांबल्या नाहीत. शेजाऱ्यांनी बाजूला करायचा प्रयत्न केला तर त्यांनी कोपरानं ढकललं. नंतर डॉक्टर म्हणाले, पहिल्या पाच मिनिटांतच सगळं संपलं होतं.

त्या रडल्या नाहीत. चर्चमध्ये नाही, मातीच्या वेळी नाही, पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले तेव्हाही नाही. आराधना महिनाभर राहून परत गेली. मग दयाबाई सकाळी उठायच्या, चहा करायच्या आणि खुर्चीत बसायच्या. समोर टीव्ही लावलेला असे. काय चाललंय विचारलं तर सांगता आलं नसतं. भाजीत मीठ पडलंय की नाही हे जिभेला कळत नव्हतं. पण दुःख होतंय असंही त्यांना म्हणता येईना. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. ब्लडप्रेशरचं मशीन, थर्मामीटर, कात्री असलेली त्यांची बॅग त्यांनी माळ्यावर टाकली. कोणी बीपी बघायला आलं की म्हणायच्या, "मशीन बिघडलंय."

दीड वर्ष असं गेलं.

मग एक दिवस मागच्या वस्तीवरची अश्विनी आली. तिच्या सासूबाई, बनुबाई, सत्तरी ओलांडलेल्या. साखर गोळ्यांनी आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं होतं. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, अश्विनीचा नवरा दूध घालायला पहाटेच बाहेर, आणि तिला स्वतःला सुई बघितली की घेरी यायची.

"सिस्टर, फक्त सकाळची सुई द्या. संध्याकाळची हे देतात."

"मी सोडून दिलंय आता सगळं," दयाबाई म्हणाल्या.

"मग आठ दिवस तरी. तोवर मी शिकते."

नाही म्हणायलाही जोर लागतो. तेवढा त्यांच्यात नव्हता. त्या गेल्या.

सकाळी सात वाजता जायचं, फ्रिजमधली बाटली काढायची, अठरा युनिट भरायचे, पोटाची जागा रोज थोडी बदलायची. दहा मिनिटांचं काम. आठ दिवसांचे दोन महिने झाले. अश्विनी काही शिकली नाही आणि दयाबाईंनीही विषय काढला नाही. बनुबाई मात्र तोंडाच्या फटकळ.

"सिस्टर, तू बोलत का न्हाईस गं? भिताडाशी बोलल्यावानी वाटतंय मला."

"सुई देते ना मावशी. बोलायचं कशाला?"

"सुई तर कुनीबी दील."

दयाबाई सुई टोचायच्या, अर्ध्या तासात खायचं असं बजावायच्या आणि निघायच्या. घरी येऊन परत खुर्ची. त्यांना काही बरं वाटत होतं असं नाही. पण अंगावरची साडी सकाळीच बदललेली असायची, एवढं खरं.

त्या शनिवारी अमावस्या होती. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची पहाटेपासून रीघ. दयाबाईंनी नेहमीसारखी सुई दिली.

"खाताय ना मावशी?"

"खाते की. भाकर टाकलीय अश्विनीनं."

दयाबाईंनी चुलीकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कळलं असतं की चूल गार होती.

साडेआठला अश्विनीचा फोन आला. "सिस्टर, आत्याबाई कायबी बडबडत्यात. घामानं चोळी भिजलीय. मला वळखंना त्या!"

"खाल्लं का त्यांनी?"

"आज शनी अमावस्येचा उपास हाय त्यांचा. निर्जळी. तुमाला सांगू नको म्हनल्या हुत्या."

दयाबाई चपला न घालताच निघाल्या. मोठ्या रस्त्यावर गाड्या एकाला एक चिकटून उभ्या होत्या. अश्विनीनं रुग्णवाहिकेला फोन केला होता. ती रांगेत कुठं तरी अडकली होती. म्हणजे पुन्हा गाडी वेळेवर येणार नव्हती. हे कळलं आणि बनुबाईंच्या उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थांबले. आत खाटेवर एक माणूस आडवं आणि आपण एकट्या. क्षणभर त्यांना वाटलं, मागे फिरावं.

"सिस्टर!" अश्विनी ओरडली.

त्या आत गेल्या. बनुबाईंना गिळता येतंय का ते आधी पाहिलं. येत होतं. पाण्यात साखर कालवून चमच्या-चमच्यानं पाजायला लागल्या. म्हातारी मान फिरवायची, शिव्या द्यायची, चमचा ढकलायची. दयाबाईंनी एका हातानं हनुवटी धरली. पाच मिनिटं. दहा. निम्मी साखर त्यांच्याच साडीवर सांडली. पंधराव्या मिनिटाला बनुबाईंनी डोळे नीट उघडले.

"सिस्टर? तू पुन्यांदा कशाला आली?" मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "ह्ये काय पाजलं? माजा शनवार मोडला की गं."

आणि दयाबाईंचा आवाज चढला.

"मोडू दे! मेल्या असता ना तुम्ही आत्ता! खाते म्हणून सांगता, खोटं बोलता माझ्याशी? माझ्या हातची सुई आहे ती! मी काय... मला काय परत..."

अश्विनी भिंतीला टेकून बघत राहिली. सिस्टरला एवढं मोठ्यानं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. बनुबाई हळूच म्हणाल्या, "अश्विने, भाकर टाक. दोघींनाबी."

दयाबाई तिथंच जमिनीवर बसून जेवल्या. ठेच्यात मीठ जास्त झालं होतं. ते त्यांना कळलं.

घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत सगळं पूर्वीसारखंच झालं. राग ओसरला, त्या जागी काही आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सुई दिल्यावर त्या निघेनाशा झाल्या. बनुबाई पहिला घास खाईपर्यंत समोर बसायच्या, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. नंतर त्यांनी अश्विनीचा हात हातात धरून तिला मोसंब्यावर सुई टोचायला शिकवलं. पहिल्या दिवशी ती घाबरून खाली बसली, पाचव्या दिवशी जमलं. आता सकाळची सुई अश्विनीच देते.

यंदाच्या उन्हाळ्यात आराधना गाडी घेऊन आली. आईला कायमचं पुण्याला न्यायचं तिनं ठरवलं होतं.

"मम्मी, इथं एकटीनं काय करतेस तू दिवसभर?"

"वस्तीवरच्या पुंजारामच्या पायाला जखम आहे. शुगरची. एक दिवसाआड ड्रेसिंग असतं."

"त्यानं बरं वाटतं तुला?"

दयाबाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तसं काही वाटत नाही गं. पण त्याचा पाय वाचायला पाहिजे."

"आणि जखम भरल्यावर येशील?"

"बघू. शुगरवाल्याची जखम आहे, वेळ लागतो," त्या म्हणाल्या, आणि पट्ट्या उकळायला ठेवलेलं पातेलं बघायला उठल्या.