तेल प्यालेली स्लाइड रूल

पेपर हातात पडला. धर्मपालने खिशातून स्लाइड रूल काढून मधली पट्टी ओढली. ती जागची हलेना.

१९६३ चा ऑक्टोबर. अमरावतीला ओव्हरसियरच्या डिप्लोम्याची फेरपरीक्षा होती. धर्मपालचा कालव्यांच्या गणिताचा एकच विषय राहिला होता. तोही आज सुटला नाही, तर अकोल्याची पाटबंधारे खात्यातली जागा हातची जाणार होती. गुणाकार-भागाकार करायला खिशात मावणारं साधन म्हणजे ही लाकडी पट्टीच.

त्याने पुन्हा ओढली. बोटांना सरकीच्या तेलाचा वास आला. बा!

त्याचा बाप देवमन तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनात यंत्रांना तेल देणारा तेलवाला होता. कुरकुरणारं चाक दिसलं की हात तेलाकडे जायचा. काल तो धर्मपालच्या राजापेठेतल्या खोलीवर मुक्कामाला आला, तेव्हा पावसाळ्यात फुगलेली ही पट्टी करकरताना त्याने ऐकली होती. रात्री त्यानेच तिला तेल दिलं असणार, आणि लाकूड ते पिऊन आणखी फुगलं होतं.

"सर, कोनाची मांगून घेऊ काय?"

"बोलायचं नाही," पर्यवेक्षक म्हणाले. "आणि इतका जोर लावू नका, मोडेल."

शेजारचा चंद्रभान दुसऱ्या प्रश्नावर गेलासुद्धा. धर्मपालच्या कपाळावरचा घाम कागदावर पडला. पट्टीवरची आकडे वाचायची काच तेवढी सरकत होती. तो ती उगाच इकडे-तिकडे नेत राहिला आणि एकदम थांबला. खालच्या कडेला लॉगची मापं कोरलेली होती. मधली पट्टी न हलवताही काचेखाली लॉग वाचता येत होते. वाचायचे, कागदावर बेरीज करायची, उलट येऊन उत्तर काढायचं. काम दुपटीचं, पण होण्यासारखं. तो मान खाली घालून भिडला. घंटा झाली तेव्हा शेवटचं गणित अर्धंच होतं. पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला.

फाटकाशी देवमन उभा होता.

"काहो साहेब, सरकली न मस्त?"

"बा, लाकडाले तेल चालत नाई."

देवमनचं हसू मावळलं. "मंग गेला काय पेपर?"

"एक गनित राह्यलं. बाकी केले."

"मले काल सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं काय?"

निकाल लागेपर्यंत देवमनने घरातल्या कवाडालाही तेल दिलं नाही. धर्मपाल काठावर पास झाला आणि अकोल्याला रुजू झाला.